दुसरे भाष्य

३ जून
ही रोजनिशी लिहिणारा मी वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न. एकतीस वर्षे विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. आजपासून न्यायनिवाड्यांवर भाष्य करणाऱ्या एका ब्लॉगचा सहसंपादक. हेतू दोन: निकालपत्रांतला गचाळपणा चव्हाट्यावर मांडणे आणि धाकट्या भावाच्या अपिलावर नजर ठेवणे. भागीदाराला जिन्यावरून ढकलून मारल्याबद्दल तो दहा वर्षांची शिक्षा भोगतो आहे. निर्दोष असेलही, मूर्ख मात्र नक्कीच आहे. मेज खिडकीशी, उजेड भरपूर, चहा उत्तम. मन प्रसन्न.

५ जून
संपादिकाबाई पूर्वीच्या वकील. त्यांची पद्धत अशी: निकालाच्या आदल्या दिवशी दोन भाष्ये पूर्ण लिहायची, एक ‘अपील मान्य’, एक ‘अपील फेटाळले’. निकाल लागताच एक प्रसिद्ध करायचे, दुसरे रद्द. एकच लिहून उठायचे नाही, हे त्यांनी तीनदा बजावले. कारण विचारले, तर म्हणाल्या, अहो, तुमच्या आधीचेही असेच कारण विचारत बसायचे.

१० जून
उद्या एका रखवालदाराच्या चोरीच्या अपिलाचा निकाल. काय लागणार ते शेंबडे पोरही सांगेल. फेटाळल्याचे तेवढे लिहिले. दुसरे लिहिणे म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी. घाईत साक्षीदाराच्या जबाबाचा पृष्ठक्रमांक २१४ पडला. फाइल एकशे नव्वद पानांची आहे. प्रसिद्ध करण्यापूर्वी दुरुस्त करीन.

११ जून
अपील फेटाळले. निकालपत्रात पृष्ठ २१४ चा दाखला! माझे भाष्य तोवर कोणी पाहिलेही नव्हते. न्यायमूर्तींनी स्वतःचे काही लिहायचे टाळले आहे खरे, पण माझी चूक त्यांच्यापर्यंत पोहोचली कशी?

१२ जून
कोर्टाच्या नोंदी विभागात गेलो. कारकुनाने जांभई देत फाइल पुढे सरकवली. दोनशे चौदा पाने. शेवटचे पान पिवळे पडलेले, शिक्के जुने. त्यावरच्या जबाबाची वाक्यरचना माझी.
रखवालदाराची बायको जिन्यात बसली होती. म्हणाली, साहेब, तो साक्षीदार असं काही बोललाच नव्हता हो, मी समोरच होते. मी घड्याळाकडे पाहिले आणि खाली उतरलो.

१३ जून
बाईंना सांगितले. आश्चर्य नाही. म्हणाल्या, एकच भाष्य पूर्ण असेल, तर तेच खरे होते. दोन्ही असतील, तर कोर्ट स्वतःचे डोके चालवते. आणि पूर्ण म्हणजे मनापासून लिहिलेले. उगाच खरडलेले धरत नाहीत.
कोण धरत नाही, हे त्यांनी सांगितले नाही.

१८ जून
भावाचा निकाल उद्या, सकाळी अकराला. ‘फेटाळले’ वीस मिनिटांत झाले. एकच पूर्ण झाले तर तेच खरे होते, हे बाईंचे बोलणे लिहून झाल्यावर आठवले, इतका ओघ होता. दुसरे जमेना. तिसऱ्याच ओळीत ‘या बावळटाला’ येते. खोडतो, पुन्हा येते.
भावजयीचा फोन. दादा, तुमची लेखणी चालते म्हणतात सगळे. यांच्यासाठी दोन ओळी बऱ्या लिहाल ना?

१९ जून, सकाळी ९
‘फेटाळले’ पुसून टाकले. पुन्हा पाहिले, तर जागेवर. उलट एक परिच्छेद जास्त. मी लिहिलेला नाही, पण शैली माझी, तिरकसपणाही. त्यात साक्षीदार क्रमांक सातचा हवाला. भावाच्या खटल्यात साक्षीदार सहाच.

१०.१०
परिच्छेद आता तीन. सातव्याने ढकलताना पाहिले म्हणे. मी काही करत नाही आहे — हात मांडीवर आहेत —

१०.४०
बाई दाराशी. म्हणतात, त्याच्याबद्दल एक तरी बरी गोष्ट लिहा, खरी. एक. आठवत नाही — इतक्या वर्षांत एकही —
आठवली. नको ती आठवली.

१०.५६
‘अपील मान्य. पडलेल्या भागीदाराला हाच माणूस पाठीवर घेऊन इस्पितळापर्यंत धावला. धावता धावता त्याने मदतीसाठी पहिला फोन थोरल्या भावाला केला. हे मी कोर्टात कधीच सांगितले नाही, कारण तो फोन मी नाव पाहून कापला आणि