संकल्पात माझं नाव

३ मे १९५८

दौंडहून एसटीनं शिरूरला उतरलो, टांगा केला आणि दुपारच्या आत कोठीवर पोचलो. काय थाट आहे! छावणीच्या काळात कुणा गोऱ्या कॅप्टनानं बांधलेलं काळ्या दगडाचं घर, मागं घोडनदीपर्यंत उतरत गेलेली बाग, फाटकापासून पोर्चपर्यंत दोन्ही अंगांना चिंचा. मालक जयसिंगराव पुण्याचे. त्यांनी डागडुजी करून घर विकायला काढलंय. नवी मंगलोरी कौलं, सागवानी खिडक्या, पॉलिशचा वास अजून जात नाही. गिऱ्हाइकांना घर दाखवायचं आणि विकेपर्यंत इथंच राहायचं, हे माझं काम. बायकोला आणायची परवानगी आहे. सिंधू भांडगावला माहेरी आहे, पाचवा महिना आणि वर भावजयीचे टोमणे. आता तिला हक्कानं पाय पसरायला जागा मिळेल. मी फार खूश आहे.

फाटकाशी इब्राहिममामा माळी राहतात. बाजारात बैल पारखावा तसं मला बघत होते. बागेतले आंबे परस्पर विकत असणार, म्हणून मी खुपतोय.

७ मे

आज वास्तुशांत झाली. जयसिंगरावांचा निरोप आला, सुतक आहे, तुम्हीच पूजेला बसा. भटजी जरा चाचरले. संकल्पात ज्याचं नाव, घर त्याला आपला धनी धरतं, म्हणाले. मी म्हटलं, कागदोपत्री मालकांचंच आहे ना, मग झालं तर. माझं नाव, माझं गोत्र घातलं. सिंधू नाही म्हणून तिच्या जागी शेजारी सुपारी मांडली. फुकटात मालक झालो! तिला पत्र टाकलं, सतरा तारखेला शनिवारी ये.

मामांनी प्रसाद फाटकातच घेतला, आत आले नाहीत. बायको येणार का, एवढंच विचारलं. यांना कशाला नसत्या चौकशा?

११ मे

तळेगाव ढमढेऱ्याचे एक बागाईतदार आप्पा घर बघायला आले. ते वर गेले, मी पोर्चात टांगेवाल्याशी बोलत होतो. उतरले ते तणतणतच. विकायचं नाही तर बोलावता कशाला, म्हणाले. वरच्या खिडकीशी उभं राहून मीच त्यांना तसं सांगितलं म्हणे! टांगेवाला साक्षीला होता म्हणून बरं. हे मामांचंच काम. गिऱ्हाइकं पळवून घर कुणाच्या तरी घशात घालायचा डाव दिसतो.

पण एक खटकलं. आप्पा सात तारखेला जयसिंगरावांच्या मुलीच्या लग्नात जेवून आले होते. सुतकात लग्न?

१४ मे

मामांना फैलावर घेतलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, या घराची ही तिसरी वास्तुशांत. दर वेळी मालकांना सुतक, दर वेळी नवा माणूस पाटावर.

"घराला धनी लागतो, दादा. शेटला सोता व्हायचं न्हवतं."

आधीचे दोघं कुठं गेले, विचारलं.

"गेलं न्हाईत. त्यांच्या बायका बी न्हाई गेल्या."

आधी का नाही सांगितलं? पहिल्याला सांगितलं तर त्यानं चोर ठरवलं, म्हणाले.

१५ मे

पिशवी घेऊन निघालो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं — आणि पोर्चात उभा होतो. पुन्हा गेलो. पुन्हा पोर्च. नदीच्या बाजूनं गेलो, तरी तेच. भीती वाटते. फार.

मामा शनिवारी स्टँडवर थांबून सिंधूला उलट्या गाडीत बसवणार आहेत. तेवढं झालं तरी पुरे. माझं काहीही होवो.

१६ मे

वर कुणीतरी चालतंय. माझ्यासारखंच, टाच घासत. मधूनच बोलतो — माझ्या आवाजात — सिंधू, दमलीस का — पुन्हा, जरा मऊ — सिंधू, दमलीस का —

सराव करतोय.

१७ मे

मामा सकाळीच स्टँडवर गेले.

जीपचा आवाज — मेव्हणा — त्यानंच आणलं तिला. ती स्टँडवर उतरलीच नाही —

मी वर आहे — जिना उतरतो तो पुन्हा वरच. खिडकीतून ओरडून घसा बसला, परत जा, परत जा. तिला ऐकू जात नाही. जीप वळून गेली. ती चिंचांखालून येतेय, हसत, पोर्चाकडे बघत —

खालचं दार उघडलं. मी इथं आहे, लिहितोय, हा माझा हात — आणि खाली माझाच आवाज —

"आलीस? सांभाळून, पायरी आहे."

तिनं हात पुढं केला, त्यानं तो धरला —