व्हिलाजवळ पिंपळ आहे का?

१४ एप्रिल
आज जयंती. विहारात माझ्याकडून एक लहानशी चूक झाली. चूक म्हणणंही बरोबर नाही, घाई म्हणू.

मूळ प्लॅन असा. मे महिन्यात मी, बायको करुणा आणि लेक मोनाली श्रीलंकेला जाणार. समुद्राकाठी व्हिला, आपल्यापुरता स्विमिंग पूल, सकाळचा नाश्ता पाण्यावर तरंगत येतो. बुकिंग झालेलं आहे. आईला सांगायचं राहिलं होतं. ती तेवढे दिवस भिलाईला ताईकडे राहील असं मी ठरवलं होतं. ताईलाही सांगायचं राहिलं होतं.

तर समितीचे सेक्रेटरी धम्मदीपभाऊ माइकवरून म्हणाले, धर्मपालभैया, दोन शब्द बोला. समोर पहिल्या रांगेत आई, पांढरं पातळ नेसून. माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होती की माझ्या तोंडून निघूनच गेलं: यंदा बुद्धपौर्णिमेला मी माझ्या आईला अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला लंकेत नेतो आहे.

टाळ्या. आईच्या शेजारच्या भीमाबाई रडायलाच लागल्या. सम्राट अशोकाच्या लेकीनं गयेच्या पिंपळाची फांदी समुद्रापार नेली, ही गोष्ट आई मला लहानपणी झोपवताना सांगायची. मी झोपून जायचो.

संकल्प: उद्या आईला खरं सांगणे.

१५ एप्रिल
नाही सांगितलं. आई दिवसभर फोनवर होती. भिलाई, गोंदिया, नागपूर. कोणाचा फोन चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

करुणा म्हणाली, बरं झालं, आईंना सोडून जायचं माझ्याही जिवावर आलं होतं. आता तो व्हिला कॅन्सल करा. मी म्हटलं, कॅन्सल होत नाही. होतो. पण ते वाचायला फार खाली जावं लागतं.

आईचं तिकीट काढलं. म्हणजे अर्धं वचन पाळलंच की!

१८ एप्रिल
नकाशा पाहिला. व्हिलापासून अनुराधपूर जेमतेम वीतभर. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं तर वीत वाढत गेली. व्हिला बेटाच्या खालच्या टोकाला, पिंपळ पार वरती. जाण्यायेण्यात पूलचा एक दिवस वाया. वाया हा शब्द चुकीचा आहे, खोडून दुसरा लिहायचा होता, सुचला नाही.

शिवाय पौर्णिमेला तिथे सगळ्या बेटावर दारूबंदी असते म्हणे. हे मात्र मी दोन वेबसाइटवर नीट तपासलं.

सगळ्यांचे पासपोर्टही तपासले. सहा महिन्यांची मुदत शिल्लक पाहिजे असा नियम आहे, तो घरात सगळ्यांना बसवून समजावला. विहाराच्या बायकांची थायलंडची सहल ठरली होती आणि मोडली होती, तेव्हाचा आईचा पासपोर्ट कोरा आहे. करुणा, मोनाली ठीक. माझा कपाटात आहे. मी ऑफिसच्या ट्रेनिंगला सिंगापूरला जाऊन आलेला माणूस, माझं काय पाहायचं!

२१ एप्रिल
मला पोहता येत नाही. पूल असलेल्या माणसाला हे शोभत नाही. संकल्प: रोज पहाटे तेलीबांधा तलावाला चार चकरा, पोट कमी, मग पोहण्याचा क्लास.

पहाट हुकली. संध्याकाळी गेलो. अर्ध्या चकरेत गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा, ठेला लागला. पाणीच होतं शेवटी.

२४ एप्रिल
लोक मेणबत्त्या आणून देऊन राहिले आहेत. (मीही आईसारखाच लिहायला लागलो.) विहारातलं प्रत्येक घर. तिथे आमच्या नावानं लावा म्हणतात. भीमाबाईंनी दोन दिल्या, एक त्यांची आणि एक वारलेल्या नवऱ्याची. म्हणाल्या, "यायले लय पाहायचं होतं गा ते झाड. रेल्वेचा पास होता, पन समुद्रावरून रेल्वे कुठं जाते?"

मी पिशवी घेतली. भीमाबाईंच्या तोंडाकडे पाहता आलं नाही, म्हणून त्यांच्या चपलांकडे पाहत होतो. उद्या आईला नक्की सांगणार.

२५ एप्रिल
ऑफिसात ऑडिट. मन थाऱ्यावर नव्हतं. अशा मनानं सांगितलेलं खरंसुद्धा खोटं वाटतं.

२६ एप्रिल
सुचलं! इतके दिवस का सुचलं नाही?

पिंपळ हा शेवटी पिंपळच. व्हिलाजवळ एखादा जुना, मोठा पिंपळ असणारच. लंकेत काय तोटा? आईला तिथे न्यायचं, म्हणायचं हाच तो. आई खूश, मेणबत्त्या मार्गी, पूल दोन मिनिटांवर. श्रद्धा महत्त्वाची, पत्ता नव्हे.

व्हिलाच्या केअरटेकरला इंग्रजीत मेल लिहायला मोनालीला बसवलं. ती कॉलेजात शिकते, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देते. म्हणाली, "पापा, ये क्यों पूछना है?" मी म्हटलं, बॉटनीची आवड.  तिनं लिहून पाठवलं.

२९ एप्रिल
केअरटेकरचं उत्तर आलं. फार सज्जन माणूस दिसतो. लिहितो, पिंपळ नाही, क्षमस्व. नारळ भरपूर आहेत. झाडच पाहिजे असेल तर मागे एक फणस आहे, मोठा आहे.

फणसावर विचार केला. नाही जमायचं. आईला फणस ओळखू येतो.

३ मे
आईनं माझ्यासाठी पांढरा कुडता-पायजमा शिवून आणला. दर्शनाला घालायला. मी गुपचूप घेतलेली पोहायची चड्डी आणि फुलाफुलांचा शर्ट बॅगेत तळाशी होते, त्यांच्यावर आईनं स्वतःच्या हातानं तो कुडता ठेवला. कडक इस्त्रीचा. बॅग बंद केली तरी मला तो दिसत होता.

रात्री जेवण गेलं नाही. फक्त आमरस घेतला.

९ मे
फार वाईट झालं. मेणबत्त्यांची पिशवी घरात डोळ्यांसमोर नको म्हणून मी कारच्या डिक्कीत ठेवली होती. रायपूरचं ऊन. आज डिक्की उघडली तर सगळ्या मेणबत्त्या विरघळून एकच गोळा झालेला. भीमाबाई, त्यांचे यजमान, धम्मदीपभाऊ, सगळे एकात एक. वाती मधूनमधून वर आलेल्या.

नवीन आणून ठेवू शकतो. कोणाला कळणार नाही. पण मला कळेल, आणि आजकाल मला फार गोष्टी कळतात.

गोळा तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या बॅगेत कपड्यांखाली सरकवला.

१३ मे
सकाळी दूध घ्यायला निघालो तर आई जिन्यात. कठड्याला धरून एक एक पायरी चढते आहे, वर जाऊन पुन्हा खाली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं. मी म्हटलं, आई, लिफ्ट बंद आहे का? म्हणाली, "नाई रे बाबू, लिफ्ट चालू हाये. तिथं पायऱ्या असतीन नं झाडापाशी, म्हून सवय करून राहिली. तुले मले उचलाचं काम नाई पडलं पायजे."

मी दूध न घेताच परत आलो. गाडीत जाऊन बसलो. एसी लावला, तरी घाम येत होता. मी वाईट माणूस आहे का? नाही. वाईट माणसाला घाम येत नाही.

संकल्प: विमानात सांगणार. विमानातून कोणी उठून जाऊ शकत नाही.

१९ मे, दुपारी
घरी आहे. एकटा.

सकाळी विमानतळावर विहारातले लोक हार घेऊन आले होते. फोटो झाले. काउंटरवरच्या मुलीनं आईचा पासपोर्ट पाहिला, हसून परत दिला. करुणाचा, मोनालीचा दिला. माझा उलटून पालटून पाहिला आणि म्हणाली, सर, आपका तो अगस्त में खत्म हो रहा है. छह महीने चाहिए.

मी तिला नियम समजावणार होतो, पण नियम तोच होता.

आई म्हणाली, "तू नाई त मीबी नाई जात." खरं लिहितो, इथे कोण वाचतं आहे? क्षणभर मला हलकं वाटलं. कोणीच जायचं नाही, म्हणजे कोणाला काही सांगायचंही नाही. तेवढ्यात करुणानं आईचा हात धरला. म्हणाली, आई, चला, मी आहे ना. मग माझ्याकडे वळून हळूच, कोलंबोहून थेट अनुराधपूरची गाडी आणि तिथल्या धर्मशाळेची खोली मी महिन्याभरापूर्वीच ठरवलेली आहे. नकाशा मलाही बघता येतो.

मी विचारलं, आणि व्हिला? म्हणाली, परतताना एक दिवस जाऊ. आणि घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

माझी बॅग मात्र आईच्या सामानाबरोबर वजन करून आधीच आत गेली होती. ती लंकेला गेली.

२१ मे
चव्वेचाळीस डिग्री. कूलरची मोटर जळाली. विहारात कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची तयारी करतो आहे. आवाज खाली ठेवून "आईचं दर्शन महत्त्वाचं" इतकंच म्हणायचं. यात खोटं काही नाही.

२३ मे, बुद्धपौर्णिमा
खीरदान झाल्यावर विहारातले सगळे आमच्या घरी जमले, आईचा व्हिडिओ कॉल पाहायला. टीव्हीला फोन जोडला. त्याआधी धम्मदीपभाऊंनी माझा सत्कार केला. म्हणाले, विमानतळावरून परत आला आणि एक शब्द बोलला नाही. घर सांभाळायला मागे राहून आईला पुढे पाठवणारा असा लेक मिळणं कठीण. मला शाल घातली. लोकरीची.

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणणार होतो. पण टाळ्या पडल्या, आणि मी म्हटलं, त्याग वगैरे काही नाही, कर्तव्य आहे.

कॉल लागला. मागे पांढऱ्या कपड्यांतली अफाट गर्दी, वर पिंपळाची पानं हलताना दिसत होती. आई रडत होती आणि हसत होती. म्हणाली, पायऱ्या चढली, कोणाचाच हात नाही धरला. मग म्हणाली, "मेणबत्त्या साऱ्या येकात येक झाल्या होत्या माय. म्या तशाच लावल्या. आता कोनती कोनाची, काय मालूम. साऱ्याईची मिळून येकच जळून राहिली." भीमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, त्यायच्या संग माही बी लागली म्हनजे.

मी पुढे सरकलो, म्हटलं, आई, तब्येत कशी आहे? आई सगळ्यांसमोर म्हणाली, "चांगली हाये. तुहा पासपोर्ट नवा करून घे बाबू, मुदत संपत आली म्हून अडकला न तू. आन तुह्या बॅगेत पोहाची चड्डी निंगाली, ते सांभाळून ठेवली."

 शाल काढायला लागलो, तर भीमाबाईंनी ती परत नीट केली. म्हणाल्या, "राहू दे बाबू, थंडीत कामी येते." जाताना सगळे मला नमस्कार करून गेले. कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं.

२५ मे
आजपासून नौतपा, वर्षातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. कूलरवाला आला नाही. गॅलरीत बादलीत पाय सोडून बसलो होतो. डोळे मिटले की पूल वाटतो.

मोनालीचा फोटो आला. व्हिला. आई पूलच्या काठावर, पातळ घोट्यांच्या वर धरून, पाय पाण्यात. मागे नारळ. खाली आईच्या आवाजातला मेसेज:

"बाबू, इथं पिंपळ नाई, खरंच. मोनालीनं मले ते पत्र तवाच वाचून दाखवलं होतं. म्या म्हटलं, बापाले काई म्हनू नोको. तू त्या फनसापाशी नेलं असतं तरी म्या हात जोडले असते. लेकानं आनलं, आनखी काय पायजे? पुनवेले झाडापाशी पयलं फूल तुह्याच नावाचं वाहिलं. जेवून घेत जाय."

दोनदा ऐकला. मग बादलीतून पाय काढले.