अम्मी असेपर्यंत

१५ फेब्रु., रवि.
मागची खोली लावली. माझे कपडे, पुस्तकं, औषधं तिकडे. पलंगावर नवी चादर. घडीच्या रेषा जात नव्हत्या म्हणून वर थोडा वेळ लोळले. सादिया दारात उभी राहून हसली. मग हसायची थांबली.
'अम्मी असेपर्यंतच,' म्हणाली.
चार वर्षं आमची एक खोली. कालगुर्लीत, ऑस्ट्रेलियातल्या या खाणींच्या गावात, सगळ्यांना ठाऊक. तिच्या हॉस्पिटलात, माझ्या शाळेत, शेजारच्या ट्रिशला. कराचीत कुणाला नाही.
ईदच्या आत सा. अम्मींना सांगणार. तिचंच वचन. मी म्हटलं, नाही सांगितलंस तर मी पर्थची नोकरी घेते. धमकी म्हणून नाही. धमकीच होती.

१६, सोम.
एअरपोर्टवर सा.च्या अम्मी, कराचीहून. लहान चण, पांढरे केस आखूड कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. तरुणपणी, बाईची साक्ष अर्धी धरणाऱ्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर. तेव्हा पोलिसाची लाठी बसली, डावं मनगट अजून वाकडं आहे. सा. ही गोष्ट सगळ्यांना अभिमानाने सांगते.
'ये लीना है. घर शेअर करते हैं. किराएदार समझिए.'
'कहाँ की हो?'
'वसई. मुंबईजवळ.'
'हमारे अब्बा भायखळा के थे. तो पड़ोसन हुईं.'
किराएदार. हा शब्द ठरला नव्हता.

१८. राखेचा बुधवार
सकाळी चर्च, मग तशीच शाळेत. घरी आल्यावर अम्मींनी कपाळाकडे बोट केलं.
'राख. माती आहेस, मातीत जाशील, याची आठवण.'
'अच्छा है, सबको लगाते हैं. हमारे मौलवी साहब सिर्फ़ औरतों को याद दिलाते हैं.'
तिघी हसलो. उद्यापासून त्यांचा रोजा. एका घरात दोन उपवासकाळ. बाहेर चाळीस डिग्री.

२१, शनि.
चूक माझी. खोली माझी वाटावी म्हणून क्रूस लावला होता, दारातून पहिली नजर पडते त्या भिंतीवर. वसईच्या घरी तसाच आहे, हात आपोआप तिकडे गेला. ती भिंत पश्चिमेची. मक्का इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेला. अम्मी जानमाज घेऊन आल्या. हीच खोली शांत, म्हणून. अंथरली, आणि समोर क्रूस.
मी काढायला धावले. त्यांनी हात धरला. 'रहने दो. ईसा हमारे भी हैं. बस नमाज़ में सामने कुछ नहीं रखते. मैं हॉल में पढ़ लूँगी.'
सा., नंतर: 'दुसरी भिंत नव्हती?'
होत्या. तीन.
हॉलमधून दोन्ही खोल्यांची दारं दिसतात.

२७, शुक्र.
मी शुक्रवारी मांस खात नाही हे कळल्यापासून अम्मी शुक्रवारी छोले करतात. सा. कुरकुरली. 'माझ्यासाठी कधी मेनू बदलला नाहीत.'
'तू कभी चुपचाप भूखी रही है?'
जेवताना अम्मींच्या फोनवर फोटो, सा.साठी स्थळ. मेलबर्नचा डेंटिस्ट. 'आवाज़ धीमी है, सुना है.' सा. म्हणाली, आयुष्यभर मुलींना सांगितलंत ना, लग्नाशिवाय जगता येतं म्हणून?
'अकेली जी सकती है, ये कहा था.'
सा.ने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. ती पाणी प्यायली.

३ मार्च, मंगळ.
सा.चा पेशंट गेला, तरुण होता, खाणीतला. ती रडत होती म्हणून तिच्या खोलीत गेले. डोळा लागला. पहाटेआधी दार उघडलं तर हॉलमध्ये अम्मी, नमाज संपत आलेली. उजवीकडे मान वळवून सलाम. मग डावीकडे. डावीकडे मी.
त्यांनी सलाम पूर्ण केला. जानमाज घडी केली.
'सहरी बना रही हूँ. चाय पियोगी?'
प्यायले. तोंड पोळलं.

७, शनि.
सा. ड्यूटीवर. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. खाणीत सुरुंग उडाला, खिडक्या थरथरल्या. अम्मी दचकायच्या थांबल्यात आता.
'कितने साल?'
'चार.'
चिमटे लावत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या चळवळीत दोघी होत्या. एका घरात राहायच्या. सगळ्यांना माहीत, विचारायचं कुणी नाही. 'स्टेज पर नहीं बुलाते थे. मुल्लाओं को बहाना मिल जाता. तय हुआ था, पहले क़ानून, वो सवाल बाद में.'
'बाद में, म्हणजे कधी?'
'अंग्रेज़ दोनों मुल्कों को एक ही दफ़ा देकर गया, तीन सौ सतहत्तर. तुम लोगों ने फेंक दी. हमने सँभालकर रखी है.' हसल्या. मग हसू गेलं. 'क़ानून से मैं लड़ लूँ. मुल्ला को जवाब दे लूँ. मगर नमाज़ मैं अपनी मर्ज़ी से पढ़ती हूँ, लीना. वहाँ किससे लड़ूँ?'
चर्चला मीही माझ्या मर्जीनेच जाते. माझ्याकडेही तीच जागा रिकामी.
'तुम्हारी माँ को मालूम है?'
नाही म्हटलं.
'कितने साल?' पुन्हा विचारलं.
आत जाताना: 'सादिया से मत कहना. वो ख़ुद बताए.'

८, रवि.
मिस्सा. कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतली. घरात कोण असतं ते इथले फादर विचारत नाहीत. वसईत रांगेत उभी राहिले असते का, आई शेजारी असताना?
सा.ला सांगितलं नाही. अम्मींचं गुपित मी ठेवतेय, आमचं अम्मींपासून आता राहिलं नाही. पर्थच्या शाळेची ईमेल आली. मंगळवारी बोलू, म्हणे. ईदनंतरचा मंगळवार मागितला.

१४, शनि.
सांगितलं. सा.ने, इफ्तारला, अम्मींच्या हातात खजूर.
'अम्मी, लीना किराएदार नहीं है.'
'रोज़ा तो खोलने दे.'
खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या, बी ताटलीत नीट ठेवली. मग भांडण. उर्दू इतकी भरभर की मला तुकडेच लागले.
'आपने सिखाया—'
'ये नहीं सिखाया!'
'बाक़ी सब सिखाया ना? तो ये अपने आप आ गया.'
'मेरे मुँह से हाँ मत निकलवा. झूठ नहीं बोलूँगी.'
'तो ना कह दीजिए.'
ना म्हणाल्या नाहीत. नमाजला उभ्या राहिल्या. खूप वेळ. भजी गार झाली.
नंतर सा. म्हणाली, 'आता तरी ये परत.' मी मागच्या खोलीतच झोपले. का, ते माहीत नाही.

२०, शुक्र. ईद
शाळेतून सुट्टी घेतली होती. निळा कुर्ता इस्त्री करून ठेवलेला. नमाज भाड्याच्या हॉलमध्ये, गावातली सगळी डॉक्टर कुटुंबं तिथे. अम्मी माझ्या दारात आल्या.
'आज तुम मत चलो. लोग पूछेंगे. मुझसे झूठ भी नहीं होगा, सच भी नहीं.'
बरं म्हटलं. सा. पाठीमागे उभी. वाटलं, म्हणेल, मग मीही नाही जात.
गेली.
लाठी खाल्लेल्या बाईचा राग आला नाही. हिचा आला.
दुपारी शेवयांचं भांडं घेऊन आल्या, अजून कोमट. तिघींनी खाल्ल्या. 

२२, रवि.
अम्मींना एअरपोर्टवर सोडून आलो. गेटपाशी त्यांनी सा.ला मिठी मारली. मला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, ठेवून राहिल्या.
'परत याल?' मी विचारलं.
'दुआ में पूछूँगी.' म्हणजे काय, ते सा.लाही कळलं नाही.
कारमध्ये सा.: 'मी सांगितलं ना? अजून काय करू?'
'ईदला थांबली असतीस.'
'तू तर तुझ्या आईला एक शब्द—'
 पुढचं ऐकायची गरज नव्हती.
पर्थचा फोन परवा.
संध्याकाळी वसईला लावला. आई कोळंबी सोलत होती. 'स्पीकरवर टाकलाय गं, हात घाण आहेत. बाबापण इथेच आहेत. जेवलीस?'
'स्पीकर बंद कर.'
'का? बरी आहेस ना?'
'बरी आहे. बंद कर ना.'
नळाचा आवाज. भांडं सरकवल्याचा. बाबा काहीतरी म्हणाले, ती 'थांबा हो' म्हणाली. मग एक दार लागलं. सा. माझ्यासमोर येऊन बसली.
'हं, बोल,' आई म्हणाली. 'एकटीच आहे मी.'