स्लॅबातून कुडात

१८ जानेवारी

घर सोडलं. स्वतःचं, नवंकोरं, स्लॅबचं! करण गेला ते नक्षत्र वाईट होतं म्हणे. आषाढापर्यंत त्या घरात राहायचं नाही, दिवासुद्धा लावायचा नाही. त्याचे तेराव्यापर्यंतचे दिवस झाले, संक्रांत झाली, आणि परवा अचानक आत्यांनी — सासूबाईंनी — हे काढलं. "जोशीबुवा म्हणले, घर सोडावं लागंल." मामांनी — सासऱ्यांनी — सामान बाहेर काढलं. मी गाठोडं बांधलं. आत्यांनी कुलूप लावलं, चावी कमरेच्या पिशवीत टाकली.

शेतातल्या आखाड्यावर, खोपटात राहायला आलो. भिंती कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या, वर पत्रे. दार बुटकं. आत शिरताना डोकं आपटलं. दुखलं नाही.

१९ जानेवारी

मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं ठोकते. आणि नक्षत्र म्हटल्याबरोबर गाठोडं बांधलं! भांडायला हवं होतं. पण भांडायला अंगात काहीतरी लागतं. दीड महिना आमच्या दोघांच्या खोलीतच बसून होते, पलंगावरची करणची बाजू बघत. आणलेला चहा तिथंच गार व्हायचा. तशीच उठले आणि आत्या-मामांच्या मागं निघाले.

३० जानेवारी

पाचवीला आज 'माणसाची घरं' शिकवलं. आधी गुहा. मग फांद्यापानांचा आडोसा. मग शेती आली, माणूस एका जागी थांबला, कूड-माती आली. मग भाजलेली वीट, मग सिमेंट. फळ्यावर बाण काढत गेले, सगळे पुढं जाणारे.

आकांक्षा उभी राहिली. "बाई, तुमी तर स्लॅबातून कुडात गेल्या."

वर्ग हसला. मीही हसले बहुतेक. खरंच आहे पोरीचं. आमचे बाण उलटे.

९ फेब्रुवारी

आत्या भाकरी वाढतात. अर्धी उरते. रोजच.

२२ फेब्रुवारी

आत्या कूड सारवत होत्या. मी शेजारी दगडासारखी. त्यांनी शेणमातीची पाटी माझ्याकडं सरकवली.

"नुसती बसू नको. तेवढा कोपरा घे."

घेतला. माती गार होती. आत्या आपल्याच तंद्रीत बोलत होत्या — त्यांचं लहानपण मेंढरांमागं, पालात गेलं. चार काठ्या, घोंगडं, दोर, की झालं घर! सकाळी उचलून घोड्यावर टाकायचं.

मी विचारलं, मागं राहिलेल्या जागेची आठवण नाही यायची?

"घर संगंच असायचं ना माय. आठवण कशाची?"

माणूस आधी हिंडत होता, मग थांबला, हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. लिहिताना ते कुणाच्या तरी पणजोबाचं वाटतं. इथं ते माझ्या सासूचं लहानपण!

रात्री झोप लागली. कधी, कळलं नाही.

१४ मार्च

आज राग आला. कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं!

चार वर्षं खपून करणनं ते घर बांधलं. कुडाच्या दाराला जन्मभर डोकं आपटलं म्हणून नव्या घराला सात फुटी चौकट बसवली. दसऱ्याला वास्तुशांत केली. दिवाळीनंतर महिनाभरात छातीत कळ आली आणि तिथंच गेला. त्याचं घर अंधारात, आणि आम्ही इथं? कुणीतरी पंचांग उलटलं म्हणून? जोशीबुवांना जाब विचारणार. घर आत्ताच उघडायचं.

६ एप्रिल

जाफराबादला गेले. जीपमध्ये कशीबशी टेकायला जागा मिळाली. मनात सगळं भांडण घोकून ठेवलेलं.

जोशीबुवा ओट्यावर होते. म्हटलं, काय शांत करायची ती करा, पण घर आता उघडू द्या. त्यांनी करण कधी गेला ते विचारलं. पंचांग चाळलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

"नक्षत्र बिलकुल साधं व्हतं. घर सोडा म्हणून मी कुणाला म्हणलो? तुमच्या सासू, गोपिकाबाई, माझ्याकडं आल्याच न्हाईत, बाई."

घोकलेलं भांडण तसंच परत आणलं.

७ एप्रिल

विचारलं. आत्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"पालात माणूस गेलं की आमी तिथं दुसरी रात काढत न्हवतो. पाल उचलायचं, म्होरं जायचं. न्हाई तर मागं राह्यलेलं माणूस तिथंच बसून जातं. तू बसल्ती. स्लॅब कसा उचलू म्या? मंग नक्षत्र सांगितलं."

लेक त्यांचा गेला होता! आणि दीड महिना त्या माझ्याकडं बघत होत्या.

चावी काढून माझ्यासमोर ठेवली. मी उचलली नाही. दुसरी भाकरी मागितली.