रिमवरचं जवसाचं तेल

आई,

आज सकाळी सायकल पुसायला काढली आणि तुझी आठवण आली, असं लिहिलं तर तू विचारशील, बाकीच्या दिवशी येत नाही का गा? येते. पण सायकलपाशी बसलं की येणारी आठवण वेगळी असते, ती मान खाली घालायला लावते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट मी ना बायकोला सांगितली, ना ताईला. आणि तुला सांगायची वेळ आली तेव्हा खोटं बोललो.

ती सायकल घरी आणली तो दिवस मला लख्ख दिसतो. कॉलेजातल्या पी.टी.च्या सरांनी तरुणपणी शर्यती मारल्या होत्या, मग गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्यांनी ती मला वापरायला दिली. हिरवी, बारीक नळ्यांची, पोलादाची असूनही एका हातानं उचलून खांद्यावर टाकता येईल अशी. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. इंदोऱ्याच्या आपल्या गल्लीतून मी ती न चालवता हातात धरून आणली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. तू संत्रा मार्केटातलं पेट्या भरायचं काम आटपून नुकतीच आलेली. तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "अर्धीच देली का गा तुह्या सरनं? कॅरियर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. बाकीची कवा देनार हाय?" गल्ली हसली, मीही हसलो. त्या दिवशी तुझं बोलणं मला लागलं नव्हतं.

पहाटे उठून मी अमरावती रोडनं वाडीपर्यंत जायचो. बाबांची जुनी काळी सायकल आपण ओढायची असते, तिच्यावर गव्हाचं पोतं ठेवा नाहीतर माणूस, ती तशीच जड. ही मात्र पायानं नुसतं विचारलं की निघायची. वाडीजवळ गोदामांपुढे ट्रक उभे असायचे, क्लीनर चुलीवर चहा उकळत असायचे, आणि मी त्यांच्यामधून चाकांचा आवाजही न करता पुढे जायचो. बाप नसलेल्या घरातला मोठा मुलगा तेवढा वेळ कुणाचाच कुणी नसायचा. घरी आलो की तू फडकं घेऊन तयार. तुझ्या घरात लोखंड म्हटलं की त्याला तेल लागायचंच. तवा, विळी, दाराचा कोयंडा, सगळ्याला बोटभर जवसाचं तेल. "लोखंडाले आन् लेकराले तेल लागतेच," असं म्हणून तू सायकलच्या नळ्यांनाही चोळायचीस. मी काही म्हणत नव्हतो. चाकांना तू कधी हात लावला नव्हतास.

शर्यत ठरली तेव्हा सरांनी सांगितलं होतं की पहिल्या तिघांना एका मोठ्या कारखान्याच्या संघात घेणार आहेत, आणि संघात गेला तो नोकरीलाच लागला म्हणायचं. हे तू मार्केटातल्या सगळ्या बायकांना सांगून आलीस. मी ओरडलो, आधीच काहून सांगितलं? तू म्हणालीस, माह्या पोराचं मी नाही सांगणार तर कोण सांगणार. त्या सकाळी मी आंघोळीला गेलो आणि तू सायकलला हात घातलास. लोक बघणार होते, म्हणून त्या दिवशी चाकंही चकाकली पाहिजे होती. तू रिमलाही तेल लावलंस, गोल, आतून-बाहेरून, एकही जागा न सोडता. सायकलचा ब्रेक रिमलाच धरतो हे तुला कुणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं. आपल्या घरात ब्रेकची सायकल म्हणजे बाबांची, आणि तिचे ब्रेक कधीचेच गेले होते, ते पाय टेकवून थांबायचे.

रस्ते रिकामे होते. शर्यतीच्या जागी जाताना ब्रेक सैल वाटला तर मी तार आवळून घेतली आणि विसरलो. वाडीच्या नाक्यापर्यंत मी दुसरा होतो. तिथे एका ड्रमला वळसा घालून परत फिरायचं होतं. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि काहीच झालं नाही. ड्रम राहिला बाजूला, मी गोदामापुढच्या बारदानांच्या ढिगात गेलो. कोपर, गुडघा, सगळं सोललं. उठताना वास आला, आपल्या सैपाकघराचा, चटणीवर ओतलेल्या जवसाच्या तेलाचा. सगळं एका क्षणात कळलं. परत आलो तेव्हा माझ्यामागे कुणी उरलं नव्हतं.

आणि शर्यत संपायच्या जागी तू उभी होतीस. ते पांढरं पातळ नेसून, जे फक्त दीक्षाभूमीवर जाताना पेटीतून निघायचं. पोरं माझ्याकडे बघून हसत होती, सर पाठ फिरवून कुणाशी तरी बोलत होते. तू घाईघाईनं आलीस, माझं कोपर पाहिलंस, मग वाकून सायकलच्या पुढच्या चाकाकडे हात नेलास, तिलाही लागलं का ते बघायला. आणि मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हात नोको लावू."

तुझ्या लहानपणच्या, गावच्या विहिरीची गोष्ट तू आम्हाला एकदाच सांगितली होतीस. घागर खाली ठेवून कुणी पाणी ओतेल म्हणून वाट पाहायची. एकदा उन्हानं जीव कासावीस झाला आणि तुझा हात दोराकडे गेला, तेव्हा काठावरचा माणूस काय म्हणाला ते तू सांगितलं होतंस. हेच शब्द. सांगताना तू रडली नव्हतीस, उलट म्हणाली होतीस की आता आपुन कोनाले इचारत नाही. शर्यतीच्या दिवशी तुझा हात हवेतच थांबला, मग पदराखाली गेला. मार्केटातल्या दलालांशी भांडणारी तू दोन पावलं मागे सरकलीस, अंग चोरून, जणू ते सरकणं तुझ्या अंगात कुठेतरी ठेवलेलंच होतं. मी ते पाहिलं आणि सायकल घेऊन निघून गेलो.

त्यानंतर तू त्या सायकलला शिवली नाहीस. झाडायला घेतलं की दारातून हाक यायची, "तुही सायकल सरकव गा." मी कामावर असलो तर तू तिच्याभोवतीनं झाडायचीस. सरांनी ती परत मागितली नाही. पुढे मला हिंगण्याला एका कारखान्यात कारकुनी मिळाली, तिथेही मी तिच्यावरूनच जायचो. चार दिवस लोटले की विसरशील, असं मला वाटायचं. माणूस स्वतःच्या सोयीनं दुसऱ्याला विसराळू समजतो.

तुझ्या शेवटच्या आजारपणात तू विचारलंस. मी तुझ्या पायाला तेल चोळत होतो. "त्या दिवशी तेलानंच झालं ना गा?" मला वाटलं, हे ओझं घेऊन तू जाऊ नयेस. मी लगेच म्हणालो, नाही, तेलाचा काय संबंध, माझंच वळण चुकलं. तू म्हणालीस, "मंग हात काहून नोको लावू म्हटलं?"

खरं उत्तर द्यायचं तर आधीचं खोटं मोडावं लागत होतं. मी तुझे पाय चोळत राहिलो. तू पाय ओढून घेतले नाहीस, एवढंच.

आई, तेलानंच झालं होतं. तुझं बोट त्या रिमवरून घसरलं असतं तर ब्रेकही तसाच घसरला हे तुला तिथेच कळलं असतं, म्हणून मी तुला अडवलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. मला तुझा राग आला होता, तुझी लाजही वाटली होती, त्या पांढऱ्या पातळाची, त्या तेलाच्या वासाची. पण ते शब्द त्या माणसाचे आहेत हे मला तोंडातून निघाल्यावर कळलं, आधी नाही. यावर तू विश्वास ठेवावास असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आज सकाळी सायकल पुसून झाल्यावर मी सैपाकघरातून जवसाचं तेल आणलं आणि पुढच्या रिमला गोल लावलं, तू लावलं होतंस तसं, एकही जागा न सोडता. ब्रेक दाबून पाहिला. चाक फिरतच राहिलं. हा कागद पाठवायचा तरी कुठे, घडी घालून ठेवतो. मघाशी बायको येऊन विचारून गेली, तेलाचा वास कायचा येऊन राहिला? मी म्हणालो, माहीत नाही.