तिरक्या जाड्यात जुळवलेलं पत्र

१२ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. छापखाना चालतो, म्हणजे मी ढकलतो म्हणून. मशीनचा पट्टा कुरकुरला की मला शेजारच्या खोलीतून कळतं. कान शाबूत आहेत.

आईच्या डोळ्यांचं तसं नाही. मधलं दिसणं गेलं, कडेचं थोडं उरलंय, तेही डॉक्टरांच्या मते दोनतीन महिन्यांचं. दर आठवड्याला तपासणी, मधूनमधून डोळ्यात सुई, त्यामुळे तिला गाव सोडता येत नाही. पुस्तक सुटलं, वर्तमानपत्राचे मथळे सुटले. उरला एकच टाइप, आपला लाकडी तिरका जाडा. सेलच्या पोस्टरांचा, चार बोटं उंच, पुढे झुकलेला, टोकांना चौकोनी ठोकळे. "पैलवान बस पकडायला पळतोय," असं ती म्हणायची. तो अजून वाचते, मान वाकडी करून.

म्हणून गेले सहा महिने तू तिला लिहितेस ती पत्रं मी त्यात जुळवतो, एक प्रत छापतो आणि भिंतीला लावतो. मागे तू लिहिलंस, 'पोट जरा दुखत होतं, आता बरं आहे.' तर ती म्हणाली, "अहो, हळू बोला. पोरीच्या पोटाची दवंडी कशाला?" त्या टायपात हळू काही बोलताच येत नाही.

मी 'एकदा येऊन जा' लिहिलं होतं, त्याचं तुझं उत्तर आलं. 'ज्या दारावर तुम्ही माझी नोटीस लावलीत, त्या दारातून मी येणार नाही. आईला सांगा.'

जुळवलं. छापायला हात होईना. पाच वर्षांपूर्वी तू स्वतःचं छपाईचं दुकान काढलंस, चार गिऱ्हाइकं तुझ्यामागे गेली, तेव्हा ह्याच अक्षरांत मी जुळवलं होतं: 'या व्यक्तीचा आमच्या छापखान्याशी संबंध राहिलेला नाही.' चाळीस प्रती, आपल्या दारापासून गल्लीभर. धंद्यात असंच करतात, असं वाटलं. आईला विचारलं नव्हतं. तुझ्याशीही त्याबद्दल कधी नीट बोललो नाही.

तर तुझं जुळवलेलं पत्र लोखंडी चौकटीसकट बाकाखाली सरकवलं आणि तुझ्या नावाने दुसरंच छापून लावलं: 'आई, महिनाअखेर येते.' ती भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तुझी खोली झाडायला घेतली. मी बघत बसलो.

काल ती अक्षरं पुसायला बसली आणि बाकाखालची चौकट तिच्या हाताला लागली. तीस वर्षं तिने टाइप जुळवला. उलटी अक्षरं तिची बोटं वाचतात, हे मी कसा विसरलो कोण जाणे. मी शेजारच्या खोलीत होतो. कापडाचा आवाज येत होता, एकेका अक्षरावरून. मग थांबला. आत जायचं धैर्य झालं नाही.

जेवताना म्हणाली, "ओळी सरळ जुळवल्यात."

मी भात वाढून घेतला.

"तिला दारातून यायचं नाही ना? मग मी बाहेर येते. समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाका. सकाळची वेळ कळवा तिला, उजेडात तोंड दिसेल."

पोरी, माफी मागितली तर ती तुझ्यावर जबरदस्ती होईल, नाही मागितली तर ती नोटीस मधे आहेच. दिवस तेवढा कळव. त्या दिवशी मी कागद आणायला बाहेरगावी जाईन, तुझ्या समोर येणार नाही. 'महिनाअखेर येते' ही भिंतीवरची प्रत तिने अजून काढू दिलेली नाही.

आईच्या वतीने,
बाबा