हेख्टच्या पोटातला सॅमन

३ मे १९५८, शनिवार
सकाळी जर्मन घरमालक ब्रेमरबरोबर नदीवर. म्हातारा सत्तरीचा, पण बूट चढवून माझ्याआधी दारात उभा. गेल्या वर्षी मासेमारी क्लबने सोडलेली सॅमनची पिल्लं आता बोटभर झालीत. ती ऱ्हाइनमधून समुद्रात जाणार आणि दोन-तीन वर्षांनी मोठी होऊन इथेच परत चढणार, हे ब्रे. रोज सांगतो. लहानपणी वडिलांबरोबर इथे हातभर लांब सॅमन धरला होता म्हणे. पुढे दिसलाच नाही. मरायच्या आधी एक तरी वर चढताना बघायचाय, बाकी काही नको.
बांधाखाली चार पिल्लं उलटी तरंगत होती. कल्ले पांढरेफटक. ब्रे. गळ बांधत होता, त्याने पाहिली नाहीत. मीही दाखवली नाहीत.

१० मे
मला हेख्ट लागला. इंग्रज ज्याला पाइक म्हणतात तोच, चपट्या तोंडाचा, करवतीसारख्या दातांचा. दोन किलो सहज. चिपळूणला खाडीत तांबोशी लागली की असाच ओरडायचो.
मग क्लबचा रिवाज. हेख्टचं पोट टेबलावर सगळ्यांसमोर फाडायचं, काय निघालं ते वहीत लिहायचं. सॅमनचं एक पिल्लू निघालं. कल्ले पांढरे. म्हणजे मेलेलंच गिळलं होतं.
ब्रे. माझ्याकडे वळला. "हेर डॉक्टर, तुम्ही केमिस्ट्रीवाले. आमची पिल्लं हेख्टच खातो ना?"
हेर, म्हणजे श्रीयुत, ठीक; पण डॉक्टर अजून व्हायचोय, पीएच.डी. चालू आहे. आणि बापाच्या वयाच्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं? आपल्या घरात ती रीत नाही. मान डोलावली, जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो म्हणालो. वहीत माझ्या नावापुढे 'तज्ज्ञाचे मत' असं लिहिलं गेलं.

१७ मे
क्लबचा ठराव. हिवाळ्यात जाळी लावून नदीतले सगळे हेख्ट काढायचे. एकमताने. त्या एकमतात मीही.

८ जून
काल बांधाखालचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. कागदाच्या गिरणीच्या वरच्या अंगाला पाणी स्वच्छ, तिचं गटार मिळालं की खलास. यातून सॅमनचं पिल्लू जिवंत समुद्रापर्यंत जाणं शक्य नाही. हेख्ट चिवट, म्हणून टिकलाय.
हे दोघे पिढ्यानपिढ्या एका पाण्यात राहिले. हेख्टने सॅमन खाल्ले असतील, खाल्लेच. तरी दोघेही उरले. तेव्हा क्लब नव्हता न् वही नव्हती.
जेवताना सांगणार होतो. ब्रे.ने बटाट्याचं सूप पुढे ठेवलं, माझ्यासाठी कुठूनतरी लाल मिरची मिळवून आणलेली. तपासणीचा कागद टेबलाच्या खणात टाकला.
भेकड आहे मी.

१४ डिसें.
जाळी लागली. एक्केचाळीस हेख्ट. गोठलेल्या गवतावर ओळीने मांडले. एक मादी गाभोळीने टम्म. जाळ्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं ब्रे.च्या. तो गाणं गुणगुणत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नाही.

सप्टें. १९६०, तारीख लक्षात नाही
नदीत आता नुसती बारीक पांढरी मासळी बुजबुजलीय, तिला खाणारं कोणी नाही. गळ घेऊन जायची इच्छा मेली. ब्रे. बांधावर स्टूल टाकून बसतो, पाण्याकडे बघत. डबा मी नेऊन देतो.

२२ ऑक्टो. १९६१
तीन वर्षं उलटून गेली. एकही सॅमन वर आला नाही. मी मात्र आता खराच डॉक्टर. घरी जायला १८ नोव्हें.ची बोट.
आज सांगितलं. खणातला कागद, ती चार पिल्लं, पांढरे कल्ले, माझं ते मान डोलावणं. सगळं. म्हणालो, माझ्यामुळे एक्केचाळीस गेले.
कागद वाचायला ब्रे.ने चष्माही लावला नाही. "गिरणीचा वास मला वीस वर्षं येतोय," म्हणाला. "मग पाण्याचं मी काय करणार होतो? हेख्ट निदान जाळ्यात येतो."
मग त्याने माझ्या कपात कॉफी ओतली. मी आयुष्यात इतका नालायक कधी ठरलो नव्हतो.

५ नोव्हें.
क्लबने सॅमनची नवी अंडी मागवलीत. ब्रे. अंड्यांची पेटी ठेवायला तळघर झाडतोय. मला खाली बोलावलं.
"हेर डॉक्टर, गिरणीच्या वर पाणी चांगलं आहे ना?"
आहे. खोटं नाही. पण समुद्राकडे जायची वाट गिरणीवरूनच.
म्हातारा झाडू धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. या वेळी मी मान हलू दिली नाही.